भाचीसाठी घर बघताना

नाशिकच्या भाचीच्या नवऱ्याची बदली बडोद्याला झाली आणि तिने मला फोनवर तीन प्रश्न पाठवले. मावशी, एरिया सेफ आहे ना? जवळ गार्डन आहे का? आणि शाळा कुठली चांगली? सोबत फ्लॅटचे फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली बिल्डरने ठेवणीतली वाक्यं छापलेली, शाळा जवळ, उद्यान जवळ, चोवीस तास सिक्युरिटी. जावईबापूंना रोज मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, जायचं आहे, लेक दुसरीत जाईल. मांजलपूर बरं, कारेलीबाग बरं, गोत्रीकडे भाडं जास्त, असं सांगून मोकळी होता आलं असतं मला. पण माझा जन्म दांडिया बाजारातला आणि संसार मांजलपुरातला. जुन्या बडोद्यात वाढले, नवं बडोदं माझ्यासमोर वाढलं. तेव्हा एवढ्यावर सोडवेना.

मी तिलाच उलट विचारलं, "तुझी लेक शाळेत एकटी चालत जाईल आणि संध्याकाळी बागेतून एकटी परत येईल, असं घर हवंय का तुला?"

ती हसली. "मावशी, आजकाल मुलींना असं कोण सोडतं गं?"

तिचे तीन प्रश्न मला तीन वाटतच नाहीत. शाळा चांगली आहे पण तिथे पोचायला पोराला पाऊण तास रिक्षात कोंबून बसावं लागतं, बाग सुंदर आहे पण मधला रस्ता ओलांडता येत नाही, सोसायटीला सीसीटीव्ही आहे पण शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहतं ते माहीत नाही, अशी घरं हल्ली हवी तेवढी मिळतात. सात-आठ वर्षांच्या पोराला किती लांबपर्यंत एकटं चालत जाता येतं, एवढं बघावं. बाकीचं त्यात आपोआप कळतं.

आमच्या लहानपणी हे कुणी बघत नव्हतं, कारण सगळं पायाखालीच होतं. वाड्याच्या ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. आजोबा वर्तमानपत्र घेऊन, काकू तांदूळ निवडत, कोपऱ्यावरचा शिंपी मशीनवर मान घालून. शाळेत जाताना ओळीने सगळे ओटे लागायचे आणि प्रत्येक ओट्यावरून काहीतरी यायचं, रिबीन सुटली बघ, डबा घेतलास का, आज उशीर का गं. शाळा सुटली की सुरसागर तलावाच्या कडेने घरी. मोठ्या मुलींबरोबर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचं, ते मुख्यतः तिथली काचेची जमीन बघायला. पुस्तकांच्या मांडण्यांमधून काचेवर पाय ठेवताना पोटात गोळा यायचा. 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून ही लायब्ररी उभी केली आणि त्यात मुलांसाठी वेगळी व्यवस्था ठेवली, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला ती फक्त पंख्याखाली बसायची जागा होती.

भावाला जुम्मादादा व्यायाम मंदिरात घातला होता. मल्लखांब, लाठी, लेझीम. प्रोफेसर माणिकराव हे नाव आमच्याकडे अजून आदराने घेतात. माणिकरावांनी आपल्या मुसलमान गुरूच्या नावाने व्यायामशाळा चालवली, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतली पोरं अंगाला माती लावून घरी आली. याचं कुणाला काही वाटायचं नाही. आता वाटतं का, हा वेगळा विषय, त्याकडे मी येते.

हे सगळं सोन्याचं होतं असं मात्र कुणी समजू नये. त्या ओट्यांवरच्या नजरा मुलींना फार जड जायच्या. कॉलेजात असताना एखाद्या मुलाशी कोपऱ्यावर दोन वाक्यं बोललं की आपण घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. आईने विचारायचं, "तो कोण?" मी तेव्हा मनातल्या मनात त्या ओट्यांना शिव्या दिल्या आहेत. मुलांना जपणारी नजर आणि मुलींना जखडणारी नजर ही एकाच माणसाची असायची, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी. भाचीला ओट्यांचं कौतुक सांगताना हेही सांगितलं. तिला ते लगेच कळलं, कारण नाशिकच्या जुन्या वाड्यात तिची आईही अशीच वाढली.

रविवारी कमाटीबाग. ती चालण्याच्या टप्प्यात नव्हती, म्हणून सणासारखी. काळ्या घोड्याशी उतरायचं, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला हात जोडायचे, मग प्राणीसंग्रहालय, मग छोटी रेल्वे, आणि बाबा प्रसन्न असतील तर म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा. ही बाग सयाजीराव महाराजांनी केली असं आम्ही बडोद्याचे मराठी लोक छातीठोकपणे सांगतो. खरं म्हणजे 1879 च्या जानेवारीत ती खुली झाली तेव्हा महाराज सोळा वर्षांचेही नव्हते आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवरावांच्या हाती होता. पण आमच्याकडे चांगलं काही दिसलं की ते महाराजांच्या खात्यावर जमा होतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं.

नव्या बडोद्याची गोष्ट वेगळी आहे. इथे बाग आधी कागदावर येते. गुजरातमध्ये शहर वाढतं ते टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग, स्कीमने. शेतमालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, नव्याने प्लॉट आखायचे, प्रत्येकाची थोडी जमीन कापून घ्यायची आणि त्यातून रस्ते, बागा, शाळा काढायच्या. 1976 च्या नगररचना कायद्यात त्याचं माप दिलेलं आहे. 15 टक्के रस्त्यांना, 5 टक्के बागा आणि मैदानांना, 5 टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना. वाचायला फार छान वाटतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांना आजही एवढी शिस्त जमलेली नाही, हे मी भाचीला थोड्या तोऱ्यात सांगितलं. पण 5 टक्के म्हणजे कुठले 5 टक्के, हे कायदा सांगत नाही. बागेचा तुकडा कधी हायवेच्या कडेला पडतो, कधी काँसच्या, म्हणजे नाल्याच्या, काठाला, जिथे पावसाळ्यात पाणी आणि बाकीचे महिने डास. शाळेचा तुकडा वर्षानुवर्षं बाभळी सांभाळत बसतो. आजूबाजूची सगळी घरं विकून होतात, पोरं मोठी होऊन कॉलेजात जातात, मग पाटी लागते.

आमच्या भागातली बाग नशीबवान. ती चार सोसायट्यांच्या मध्ये आहे. चालायचा ट्रॅक आहे, व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं आहेत, घसरगुंडी आहे, आणि सिमेंटची बाकडी, ज्यांच्या पाठीवर कुणाच्या ग्रँटमधून दिली ते आपल्या बसण्याच्या जागेपेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. पहाटे हास्यक्लब. मग ज्येष्ठ नागरिक, त्यात आमचे दोन निवृत्त मराठी मास्तर, जे रोज नव्याने भांडतात आणि रोज एकत्र चहा घेतात. सकाळी उशिरा फाटक बंद होतं ते पार संध्याकाळीच उघडतं. झाडांना आणि माळ्यांना विश्रांती हवी, भरदुपारी रिकामटेकडे येऊन झोपतात, अशी कारणं सांगतात. असतील खरी. पण सकाळपाळीच्या शाळा नेमक्या दुपारी सुटतात, आणि सावलीची झाडं नेमकी फाटकाच्या आत असतात. पोरं बाहेरच्या फुटपाथवर, उन्हात, गाड्यांच्या मधून खेळतात. याला बाग म्हणायचं की बागेचं चित्र, मला कळत नाही.

त्याहून राग येतो शाळांच्या मैदानांचा. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि जुन्या सरकारी शाळांकडे ते आहेसुद्धा. चांगली ऐसपैस मैदानं, कडेला कडुनिंब. शाळा सुटली की त्यांना कुलूप. भिंतीवर काचा. एका भिंतीच्या अलीकडे पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात आणि चेंडू गाडीवर लागला म्हणून शिव्या खातात, पलीकडे मैदान रात्रभर रिकामं पडलेलं. संध्याकाळी दोन तास ते वस्तीतल्या मुलांना उघडलं, एक पीटी शिक्षक आणि एक आजोबा बसवले, तर नव्या बागेसाठी एक इंच जमीन लागणार नाही. मी हे जिथे तिथे बोलते. लोक मान हलवतात आणि चावी कोणाकडे राहणार असं विचारतात.

आता लारीबद्दल, म्हणजे आपल्या हातगाडीबद्दल. बागेच्या फाटकाशी पाणीपुरीची एक लारी उभी असते, बाजूला शेंगा-चण्याची, आणि थंडीत मक्याच्या कणसांची. दबाण शाखेची, म्हणजे महापालिकेच्या अतिक्रमण खात्याची, गाडी अधूनमधून येते आणि लाऱ्या उचलून नेते. सोसायटीतली काही मंडळी खूश होतात, रस्ता मोकळा झाला म्हणून. आम्ही बायका मात्र त्या आठवड्यात दिवे लागल्यावर बागेत जात नाही. लारी नसली की फाटकाशी अंधार आणि बुलेटवर बसलेली टोळकी एवढंच उरतं. पाणीपुरीवाल्याला कुठलं पोर कुणाचं ते ठाऊक असतं, कोण किती तिखट खातं तेही ठाऊक असतं. एकदा शेजारच्या बेनचा नातू खेळता खेळता भलत्याच सोसायटीत शिरला, तर यानेच हाताला धरून आणून सोडला. चोवीस तास सिक्युरिटीवाल्या केबिनमध्ये तेव्हा मोबाइलवर मॅच चालू होती. फ्लॅटच्या जाहिरातीत लारीचा उल्लेख कधीच नसतो.

बडोद्याची एक गोष्ट मी निःसंकोच चांगली सांगते. नवरात्रात इथल्या मुली रात्री बारा-एकला गरबा खेळून चणियाचोळी सावरत स्कूटरवरून घरी येतात आणि आया झोपलेल्या असतात. बाहेरून आलेल्यांना हे पटत नाही, डोळ्यांनी बघितल्यावर पटतं. पण त्या नऊ रात्री सगळं शहर जागं असतं, दिवे असतात, शेव-उसळीच्या लाऱ्यांवर गर्दी असते. दहाव्या रात्री तोच रस्ता तोच नसतो.

शाळेचा प्रश्न भाचीने सगळ्यात शेवटी विचारला होता, खरा तिला तोच पहिला. तिने नावं काढून ठेवली होती, बहुतेक शहराबाहेरच्या कॅम्पसवाल्या शाळांची. तिथे जायचं म्हणजे वर्दी, म्हणजे पोरं नेणारी रिक्षा नाही तर व्हॅन. सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत पहिली वर्दी येते. दप्तरं बाहेर लोंबकळतात, आत पोरं पेंगत असतात, सगळ्यात आधी चढणारं पोर सगळ्यात उशिरा उतरतं. वर्दीवाले काका बहुतेक प्रेमळ असतात, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पहिलीतलं मूल रोज दीड तास शहर प्रदक्षिणा करतं ते कशासाठी, हे मी आयांना विचारते तेव्हा उत्तर येतं, तिथे स्विमिंग पूल आहे.

शिक्षणहक्काच्या 2010 च्या केंद्रीय नियमांत एक फार शहाणी गोष्ट लिहून ठेवली आहे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून चालत 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांनी पोराच्या पायांचा विचार केला, आणि आम्ही आईबाप तो करत नाही. ज्या संस्थानाने 1893 साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 साली ते सगळ्या राज्यात नेलं, त्या बडोद्यात शेजारची शाळा आता ज्यांना दुसरं काही परवडत नाही त्यांचीच उरली आहे. मराठी माध्यमाचे वर्ग तर पटाअभावी आटत चालले. त्याला सरकार जबाबदार आहे असं आम्ही गणपतीच्या मंडपात बसून म्हणतो. मंडपातल्या कुणाचीही नातवंडं त्या वर्गांत नसतात, माझीही नाहीत.

चकचकीत म्हणजे सुरक्षित, हे समीकरण आमच्या शहरात 18 जानेवारी 2024 ला फार वाईट तऱ्हेने मोडलं. हरणीच्या तलावावर, सुशोभित केलेल्या, तिकीट लावून चालवलेल्या जागी, शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्या मुलांना लाइफ जॅकेट दिलेली नव्हती. आमच्या पिढीला त्या रात्री लगेच 1993 चा ऑगस्ट आठवला. सुरसागरात असंच झालं होतं, बोट उलटून 22 जण गेले होते. ज्या तलावाच्या कडेने मी शाळेतून घरी यायची तो. तीस वर्षांच्या अंतराने एकाच शहरात त्याच चुकीने मुलं बुडतात, तेव्हा तलाव, कंत्राट, चौकशी हे शब्द नुसते तोंडातून जातात. मी भाचीला एवढंच सांगितलं, शाळा बघायला जाशील तेव्हा स्विमिंग पूल बघून खूश होऊ नकोस. सहलीला एका शिक्षकामागे किती मुलं नेतात ते विचार, आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघ.

पाण्याचं दुसरंही सांगावं लागलं, कारण नाशिकच्या लोकांना पूर माहीत असतो, मगरी नसतात. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, आमच्या आधीपासून. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला. 2024 च्या ऑगस्टअखेरीस नदी 35 फुटांवर गेली, तिची धोक्याची खूण 26 फुटांची आहे. पाणी अकोटा, सामा, मुजमहुडा भागांत घराघरांत शिरलं आणि मगरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सापडल्या. तेव्हा घर बघताना दलालाला विचारू नये, तो "अहीं पाणी नथी आवतु", इथे पाणी येत नाही, म्हणणारच. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो, इथपर्यंत आलं होतं.

आता मघाशी ठेवलेला विषय. भाची एका घरमालकाशी फोनवर बोलली. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, मग त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "तमे महाराष्ट्रियन छो ने, नॉनव्हेज तो नथी खाता ने?" बडोद्यात हे मराठी भाडेकरूला नवं नाही. आम्ही ते हसण्यावारी नेतो, कुणी खोटं बोलतो, कुणी दुसरं घर बघतो. पण जो प्रश्न आपल्याला टोचतो, त्याचे याहून टोकदार प्रकार दुसऱ्यांना रोज ऐकावे लागतात. आडनाव ऐकून फोन बंद होतात. कित्येक भागांत अशांत धारा, म्हणजे दंगलींच्या भीतीने केलेला कायदा, लागू आहे; तिथे घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी हवी, आणि तो लागू व्हावा अशी मागणी करणारे बोर्ड सोसायट्यांच्याच फाटकांवर लागतात. हे बोर्ड लावणारे आपला परिसर सुरक्षित करत असतात, त्यांच्या समजुतीने. त्यांत मराठी नावंही असतात.

सप्टेंबर 1917 मध्ये एक तरुण बडोदं संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आला. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेला जाऊन शिकून आलेला. शहरात त्याला कुणी राहायला जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिला, तिथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्याला बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिलं, दोन्हीकडे अडचण निघाली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कमाटीबागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 23 सप्टेंबरला आजही हजारो माणसं तिथे येतात, त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. रविवारी छोट्या रेल्वेत बसताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बागेचे फोटो, म्युझियमचे फोटो, देवमासा, सगळं दाखवलं, हे नाही. सुरक्षित एरिया म्हटलं की मी आता पहिलं विचारते, कुणासाठी? संस्थानाने ज्याला शिकवलं त्याला गावाने छप्पर दिलं नाही, आणि सगळ्या शहरात त्याला बसू देणारी जागा एक सार्वजनिक बाग होती, जिच्या फाटकावर कुणी आडनाव विचारत नव्हतं.

भाची यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, त्या घरमालकांचं घर नको. दुसरं बघू." मी म्हटलं बघू.

दुसरं एक सापडलंय मांजलपुरातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. लिफ्ट जुनी आहे, पार्किंगची बोंब आहे, कॉमन प्लॉटवर लग्नाचे मांडव पडतात आणि डीजे वाजतो. शाळा साधी आहे, गुजराती आणि इंग्रजी दोन्ही माध्यमं, नावाने कुणी भारावून जाणार नाही अशी. मधे एकच मोठा रस्ता लागतो आणि तिथे शाळा सुटताना एक ट्रॅफिकवाला उभा असतो. तो रोज असतो की कधीमधी, ते मी बघून ठेवणार आहे. शाळेच्या वाटेवर एक पिठाची गिरणी आहे, एक इस्त्रीवाला आणि एक मराठी आजी, ज्या ग्रिलच्या आत खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघतात. मुलगी जरा मोठी झाली की त्या आजींचा तिला वैताग येईल, हेही मी भाचीला आधीच सांगून ठेवलं.

दलाल म्हणाला रविवारी सकाळी या, शांतपणे दाखवतो. मी म्हटलं, नाही, कामाच्या दिवशी दुपारी साडेबाराला. शाळा सुटायच्या वेळी.

"बेन, बपोरे तडकामां कोण घर जोवा आवे?"

दुपारच्या उन्हात घर बघायला कोण येतं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, आम्ही येऊ, तू फक्त चावी घेऊन ये.